गर्भिणीचा ताप

पावसाळा सरता सरता वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा यांसारख्या वस्त्यांत हिवताप व डेंग्यू डोके वर काढतात. आणि अशा दिवसांत गर्भवती सून तापली की, औषध पोटातल्या जीवाला बाधेल या धास्तीने तिला गोधडीत गुरफटून घाम फुटेपर्यंत निजविण्याची तजवीज घरोघरी होते. ही काळजी मायेची खरी, परंतु तिचा रोख चुकतो. ताप, म्हणजे शरीराचे उष्णतामान १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक होणे, ही स्वतंत्र व्याधी नसून, जणू लहेरीपुरा दरवाज्यावरील पहारेकऱ्याने शत्रू शिरल्याची दिलेली हाळी होय. मात्र आरंभीच्या आठवड्यांत तीव्र ज्वर लांबला, तर गर्भाच्या मज्जानलिकेत (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात) दोष राहण्याचा संभव वाढतो. म्हणून अंगावर ताप काढणे हेच अधिक धोक्याचे. गोधडी दूर सारावी, पाणी व पेज वरचेवर द्यावी, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल निःशंकपणे द्यावे. तापावर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आपण होऊन देऊ नये. ताप उतरला तरी कारण उरतेच, यास्तव सयाजी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. हुडहुडी, धाप, रक्तस्राव, पोटात कळा, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.