वाकळीतलं मुरगूड

घटस्थापनेच्या आधी कोल्हापूर भागात घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. मुरगूडकरांना त्यासाठी वेदगंगा आहे. भिजलेली वाकळ, म्हणजे गोधडी, एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकांना धरून पिळतात आणि काठावर पसरतात. त्या दिवसांत काठानं जावं आणि वाळत घातलेल्या वाकळा नीट बघाव्यात. गावाच्या दोन-तीन पिढ्या तिथं उन्हात पसरलेल्या असतात.

मुरगूडच्या तलावाला सर पिराजीराव घाटगे यांचं नाव आहे. कागलचे हे जहागीरदार राजर्षी शाहूंचे धाकटे बंधू. त्यांची आठवण पाण्याच्या रूपानं टिकली. पण त्या काळी तंबाखूच्या रानात राबणारी बाई काय नेसत होती, लुगडं विरल्यावर त्याचं काय करत होती, हे कुठल्या दप्तरात सापडणार? ते वाकळीत सापडतं.

वाकळीची बांधणी साधी. खाली नऊवारी लुगड्याची घडी. त्यावर जुनी धोतरं, धडपे, उसवलेले सदरे. वर पुन्हा त्यातल्या त्यात बरं लुगडं किंवा ठिगळांची जोड. कोपऱ्यांवर दगड ठेवून सगळं ताणून घ्यायचं आणि धावदोरा घालत कडेकडेनं आत यायचं. कडेपासून सुरुवात होते म्हणून चारी बाजूंना बायका बसू शकतात. चौकोन लहान होत जातो तशी एकेक जण उठते, मधले टाके एखादीच पुरे करते. कुणाचा टाका बारीक, कुणाचा लांब, कुणाची ओळ जरा तिरकी. जाणत्या बाईला हात ओळखता येतो. वाकळीवर नाव कुणाचंच नसतं, तरी अनेक जणींची सही असते.

आणि कापड काळ सांगतं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग १९०४ साली बसवला. कोल्हापुरात शाहू मिलची उभारणी १९०६ सालची. त्यानंतर हातमागाच्या जाड्याभरड्या कापडाशेजारी मिलचं कापड आलं. इरकली लुगड्याचं अंग विरतं, काठ मात्र टिकतो, म्हणून असे काठ वाकळीच्या कडेला पट्टीसारखे लावलेले दिसतात. खणाचा तुकडा दिसला तर ती कुणाची तरी चोळी. मग टेरिकॉट आणि नायलॉन आलं. सुती कापडासारखं ते घाम टिपत नाही, अंगाला मऊही लागत नाही, पण वाकळीत तेही गेलं, कारण घरात तेच जुनं होत होतं. वरचं कापड जिथं विरलंय तिथं खालचे थर आपोआप दिसतात, उसवायची गरज नसते.

सीमेपलीकडे कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायकाही अशाच गोधड्या शिवतात, तिथं त्यांना कवंदी म्हणतात. त्या कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. त्यांची कवंदी आज परदेशातल्या प्रदर्शनांत पोचली आहे. अमेरिकेतही एड्सनं गेलेल्या माणसांसाठी आप्तांनी गोधडीचे तीन फूट बाय सहा फुटांचे तुकडे शिवले. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ते पहिल्यांदा एकत्र मांडले, तेव्हा १,९२० होते. सरकार फारसं बोलत नव्हतं त्या वेळी कापडानं माणसांची नावं घेतली.

मला वाटतं, मुरगूडनं एक गोष्ट करावी, आणि लवकर करावी. ब्लँकेटं स्वस्त झालीत, वाकळ आता गाडी पुसायला जाते. शाळेतल्या मुलांनी आपापल्या घरची सर्वांत जुनी वाकळ शोधावी, आजीशेजारी बसावं आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारावं: हे कुणाचं? कधीचं? कुठल्या बाजारातलं? उत्तर आजीच्या बोलीत, जसंच्या तसं लिहून घ्यावं. नाव आठवत नसेल तर तसं लिहावं, मनानं भरू नये. मग गल्लीगल्लीतून एकेक धडपा घेऊन गावाची एक नवी वाकळ शिवावी. मराठा, धनगर, मुस्लिम, बौद्ध, लिंगायत, सगळ्या घरांचं कापड तिच्यात असावं. शिवायला म्हाताऱ्या बायकांबरोबर मुलगेही बसावेत. दाभणात दोरा कसा ओवायचा इथपासून त्यांना शिकवावं लागेल. शिकवणाऱ्या बायका अजून आहेत, दिवाळीच्या सुटीत त्यांच्या दारात जाऊन बसायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.