संगणक रेंगाळतो कशामुळे?

२००६ साली वसईत आमच्या घरच्या संगणकाने मान टाकली. सकाळी मुलीचा कॉलेजचा प्रकल्प द्यायचा होता नि फाइल उघडेना. मी व्हायरसला शिव्या घातल्या. खरा दोष माझ्या डाऊनलोडचा! गाण्या-सिनेमांनी चाळीस जीबीची हार्डडिस्क काठोकाठ भरली होती.

त्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते नि वाचणारे हेड जागा शोधत धावते. सलग जागा उरली नाही की फाइलचे तुकडे पडतात. विरार लोकलमध्ये चढलेल्या कुटुंबासारखे, एक दारात, एक खिडकीशी. गोळा करायला वेळ लागणारच. डीफ्रॅगमेंट म्हणजे त्यांना शेजारी बसवणे. पण विंडोज एक्सपीला त्यासाठी १५ टक्के मोकळी जागा हवी असे. मी तसेच सुरू केले, तेवढ्यात भारनियमन! वीज आल्यावर शहाणपणाने आधी प्रकल्प सीडीवर घेतला, मग सिनेमे पुसले. पहाटे डीफ्रॅग संपले.

आजच्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिला डीफ्रॅग करू नका, उगाच झीज होते. विंडोज ‘ट्रिम’ने तिची निगा राखते. काठोकाठ भरली तर मात्र तीही मंदावते.