टाकीएवढाच वाढते जी!

नागपूरच्या अंबाझरी तलावात कुणी मासा सोडला, तर त्याला गोसीखुर्द धरणात पोचायला वाट आयती आहे. पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की पाणी नाग नदीत उतरतं, नाग पूर्वेला जाऊन कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. आंभोऱ्यापर्यंत तर गोसीखुर्दचं पाणी स्वतःच चढून आलेलं आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात धो धो पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नागकाठच्या घरांत पाणी शिरलं. घरादारांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. तलावातले मासे किती खाली गेले आणि कोणत्या जातीचे, याचा पंचनामा होत नसतो.

पवनी तालुक्यातलं हे धरण काही लहान नाही. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. वैनगंगेवर ३३ दरवाजे, अकरा किलोमीटरहून लांब भिंत, आणि ९९ किलोमीटरचा उजवा कालवा, जो पार चंद्रपूर जिल्ह्यातल्या असोलामेंढा तलावात जाऊन पडतो. दरवाजे उघडले की पाणी गडचिरोलीकडे निघतं, पुढे वर्धा येऊन मिळाली की वैनगंगेची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. एकदा या पाण्यात शिरलेल्या माशाला अडवायचं कुठे, याला उत्तर नाही.

एवढा भूगोल सांगायचं कारण म्हणजे हवा भरून फुगवलेली, रबर लावलेली प्लास्टिकची एक पिशवी. दिवाळीच्या आधी घराला रंग लागतो, बैठकीत नवं काहीतरी हवं असतं, आणि मुलांचा हट्ट असतोच. पिशवीत बोटाएवढे दोन रुपेरी मासे, अंगावर काळसर पट्टे, पाठीवर उभा पर. दुकानातलं नाव ‘शार्क’. मुलगा हरखतो. बाप विचारतो, ‘‘हा मोठा होत नाही ना?’’ आणि काउंटरमागून ते ठरलेलं वाक्य येतं: ‘‘टाकीएवढाच वाढते जी, घेऊन जा बिनधास्त.’’

या एका वाक्याने जितके मासे मारले असतील तितके रोगांनीही मारले नसावेत, असं माझं मत आहे.

तो ‘शार्क’ म्हणजे पंगस. मूळचा मेकाँग आणि थायलंडच्या चाओ फ्राया नदीचा, शार्कशी नातं शून्य, कॅटफिशच्या कुळातला. नदीत तो एक मीटरच्या पुढे जातो आणि ४० किलोच्या वर भरल्याच्याही नोंदी आहेत. हाच मासा आपल्याकडे शेततळ्यांत आणि धरणांतल्या पिंजऱ्यांत पाळला जातो. चांगलं खाद्य मिळालं तर सहा-आठ महिन्यांत किलोच्या आसपास होतो, आणि काटे काढून हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो. जो मासा शेतकरी वर्षाच्या आत विक्रीला काढतो, तो दोन फुटी टाकीत शोभेला ठेवायचा, हा हिशेब मुळातच बसत नाही.

मग ‘टाकीएवढाच वाढतो’ हे आलं कुठून? अनुभवातूनच आलं, पण त्याचा अर्थ उलटा लावला गेला. लहान टाकीतला मासा बरेचदा खरंच लहान राहतो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतो. गाळणीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, तिसरं सौम्य, पण साचत गेलं तर तेही बाधतं. टाकी लहान आणि मासा मोठा असला की हा कचरा निभत नाही. मासा खाणं कमी करतो, पाठीला बाक येतो, अंगावर बुरशी धरते आणि वाढ खुंटते. कुपोषणाने खुजं राहिलेलं पोर घराच्या मापाने वाढलं असं आपण म्हणत नाही. बाहेरून मासा खुंटतो पण आतले अवयव वाढत राहून तो फुटतो, अशीही एक गोष्ट हौशी लोकांत फिरते. तिला काही आधार नाही. ती न सांगताही मुद्दा पुरेसा गंभीर आहे.

पंगसच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. त्याला हवेतला प्राणवायू घेता येतो. वरती येऊन तोंड मारतो, घोट घेतो आणि खाली जातो. त्यामुळे ज्या पाण्यात दुसरा मासा चोवीस तासांत उलटा तरंगेल, त्यात हा महिनोन्‌महिने तग धरतो आणि घरचे म्हणतात, बघा, मजेत आहे. तो मजेत नसतो. हा थव्याने लांबच लांब पोहणारा मासा आहे, नजर अधू, स्वभाव बुजरा. दचकला की सरळ काचेवर जाऊन आदळतो. दारात सुतळी बॉम्ब लागला की काय होईल, ते सांगायला नको.

लांबी दुप्पट झाली म्हणजे मासा दुप्पट झाला, असा आपला समज असतो. अंगाचा आकार तोच राहिला तर लांबी दुप्पट झाल्यावर वजन आठपट होतं. ऑस्कर नावाच्या शोभेच्या माशाचं ५ सेंटिमीटरचं पिल्लू ३० सेंटिमीटरचं झालं म्हणजे लांबी सहापट आणि वजन २१६ पट. खाणं आणि घाण वजनाच्या मागे जाते, लांबीच्या नाही. ऑस्कर जवळपास वर्षभरात २५ सेंटिमीटर गाठतो. मालकाला ओळखतो, हातातून खाणं घेतो, टाकीतली सजावट रागाने उपटून टाकतो. त्याच्यावर जीव जडायला वेळ लागत नाही, आणि नंतरचा सगळा पेच तिथेच सुरू होतो.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. टाकी साफ करतो म्हणून माथी मारला जाणारा काळा सकर ४० ते ५० सेंटिमीटर होतो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. रेडटेल कॅटफिश मीटरभर. शुभ म्हणून घेतला जाणारा सिल्व्हर अरोवाना ९० सेंटिमीटर, शिवाय उडी मारून बाहेर पडण्यात पटाईत. ‘पिरान्हा’ म्हणून विकला जाणारा मासा बहुधा पॅकू, बाजारातला आपला रूपचंद. आणि गरीब बिचारा समजला जाणारा साधा गोल्डफिश ३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन मेला. गोल बरणीत महिन्याभरात मरणारे गोल्डफिश पाहिलेल्यांना हे खरं वाटणार नाही.

घ्यायचा की नाही हे ठरवताना पिल्लाकडे पाहूच नये. त्याच्या पूर्ण वाढीची लांबी विचारावी, मोबाइलवर ताडून पाहावी. टाकीची लांबी माशाच्या पूर्ण लांबीच्या निदान चारपट हवी आणि रुंदी इतकी की अंग न दुमडता त्याला वळता यावं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५६ लिटर पाणी बसतं. त्यात गप्पी, झेब्रा, निऑन टेट्रा किंवा हनी गुरामी सुखाने राहतील. एका ऑस्करला चार फुटी टाकी लागते. ती चार बाय दोन बाय दोनची घेतली तर पाणीच साडेचारशे लिटर, म्हणजे साडेचारशे किलो, वर काच आणि लोखंडी स्टँड वेगळं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं म्हटलं तर शंभरावर लिटर. ते पाणी परसातल्या वांग्या-टोमॅटोला उत्तम, पण मे महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर घरात भांडण ठरलेलं. पंगसला हाच नियम लावला तर टाकी बैठकीच्या बाहेर जाते.

विदर्भातल्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. पारा ४५ वर गेला की टाकीतलं पाणीही तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांवर साडेसात. त्यात दुपारी वीज गेली, पंप थांबला, की गच्च भरलेल्या टाकीत सगळ्यात मोठा मासा आधी धापा टाकू लागतो.

‘वाढला की मोठी टाकी घेऊ’ हे वाक्य दुकानदाराच्या वाक्याचं सख्खं भावंड. मोठी टाकी घरात उभी असेल आणि पिल्लू काही महिने लहान टाकीत वाढवायचं असेल, तर हरकत नाही. पण टाकी अजून मनातच असेल तर मासा घेऊ नये, असं माझं सरळ म्हणणं आहे. मासा महिन्याच्या महिन्याला वाढतो, घरचं बजेट तसं वाढत नाही.

एका बाबतीत मात्र पवनी-भंडाऱ्याकडचा माणूस नागपूरच्या फ्लॅटवाल्यापेक्षा नशीबवान आहे. त्याच्या घरामागे बरेचदा सिमेंटचं टाकं असतं. सहा बाय चार, तीन फूट खोल टाक्यात दोन हजार लिटर पाणी मावतं. ‘हा आपल्या टाकीत मावेल का’ अशी शंका ज्याच्याबद्दल आहे त्या गोल्डफिशला ही जागा कोणत्याही काचेच्या टाकीपेक्षा बरी. नवं सिमेंट असेल तर चुन्याचा अंश जाईपर्यंत दोन-चारदा पाणी बदलून घ्यावं. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी किंवा मांडव, खंड्या आणि बगळ्यांसाठी बारीक जाळी, आणि पाणी ओसंडायच्या पाइपला आतून घट्ट बसवलेली गाळणी. ही शेवटची गोष्ट विसरायची नाही. टाकं आषाढात भरून वाहिलं, पाणी नालीत गेलं, नाली नाल्यात गेली, की पुढचा रस्ता वर सांगितलाच आहे.

मोठा झालेला मासा नदी-तलावात सोडणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मारवत नाही म्हणून सोडतो, हात जोडतो, घरी येतो. सोडलेल्यांपैकी बरेचसे मरतात, मरळ आणि बगळे त्यांची सोय लावतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे. २०१८च्या पुरानंतर केरळात मासेमारांच्या जाळ्यात ॲमेझॉनचा अरापाइमा सापडला. वाराणसीला गंगेत २०२० साली सकर मिळाला. श्रीनगरच्या दल सरोवरात मे २०२३ मध्ये अमेरिकेतला ॲलिगेटर गार निघाला, सुसरीसारख्या जबड्याचा. अमेरिकेतल्या बर्न्सव्हिल गावात २०२१ साली तळ्यातून चेंडूएवढाले गोल्डफिश काढावे लागले आणि नगरपालिकेला लोकांना हात जोडून सांगावं लागलं की बाबांनो, मासे सोडू नका. यातला एकही मासा स्वतःहून तिथे गेलेला नव्हता.

सकरची तर मला विशेष धास्ती वाटते. अंगावर हाडांचं चिलखत, परांना काटे, नायलॉनचं जाळं त्याच्यात अडकलं की सोडवताना फाटतंच. आंध्रात कृष्णेवरचे मच्छीमार त्याला सैतान मासा म्हणतात. त्यातला नर विणीसाठी काठाच्या मातीत हात-दीड हात आणि कधी त्याहून खोल बिळं करतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी बांधलेल्या, पुढे माजी मालगुजारी म्हणून नोंदवल्या गेलेल्या मामा तलावांची पाळ मातीचीच आहे. गोसीखुर्दच्या पाण्यावर आणि या तलावांवर ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांचं पोट आहे. नागपूरच्या सांडपाण्याने आणि जलपर्णीने धरणाच्या फुगवट्याचं आधीच व्हायचं ते झालेलं आहे. तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतचे ढिवर कार्यकर्ते या भागातल्या जुन्या तलावांत स्थानिक पाणवनस्पती आणि स्थानिक मासे परत आणायला वर्षानुवर्षं खपले आहेत. त्यांच्या कष्टावर आपल्या बैठकीतला कंटाळा आलेला सकर नेऊन टाकणं म्हणजे निव्वळ बेपर्वाई.

कायद्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने फिश टँकच्या दुकानांसाठी नियम काढले होते, गोल भांड्यात मासे ठेवू नयेत असंही त्यात होतं. व्यापाऱ्यांनी विरोध केला, नियम मागे गेले. आता निवड घेणाऱ्याची.

आणि आधीच घेऊन बसलेल्यांनी काय करायचं? पहिलं, खाणं तोडून वाढ रोखायचा प्रयत्न करू नये, त्याने मासा आजारी पडतो. मासे पाळणाऱ्यांच्या ओळखीतून मोठी टाकी किंवा बंद टाकं असलेला माणूस शोधावा. फुकट द्यावा, वर गाळणीही द्यावी. औषधं घातलेल्या टाकीतला पंगस खायला घेऊ नये, तो विचार बऱ्याच जणांच्या मनात येतोच. मासा फार आजारी असेल आणि कुठेच सोय लागत नसेल तर पशुवैद्यकाला विचारून त्याला गुंगी देऊन वेदनेविना संपवता येतं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल माशांना गुंगी आणतं, मात्रा त्यांनीच ठरवायची. ऐकायला हे कठोर वाटतं, पण आंभोऱ्याच्या पुलावरून पिशवी रिकामी करण्यापेक्षा ते जास्त जबाबदारीचं आहे. ऑस्कर, गोल्डफिश असेल तर दुकानदार बदल्यात दोन जोड्या गप्पी देऊन परत घेतोही. मोठा झालेला पंगस मात्र तो सहसा घेत नाही. त्याच्या दुकानातही तेवढी टाकी नसते.