लग्न दोन दिवसांचे, बाटल्या महिन्याच्या!

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून नागपूरला लग्नाला जायचे म्हणजे आगगाडीचा सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास आणि दोन दिवसांचा मुक्काम. तरीही बॅगेत शांपू, तेल, कंडिशनरच्या मोठ्या बाटल्या जातातच. मग एखादे झाकण सैल होते आणि नेमकी पैठणीच तेलकट होते!

खरे तर बाटल्या न मोजता किती वेळा न्हायचे ते मोजावे. निघण्याच्या आदल्या दिवशी घरीच तेल लावून न्हाऊन घ्या. मग लग्नाच्या सकाळी एकदाच न्हायचे उरते. त्यासाठी शांपूच्या दोन पुड्या पुरेत. दुसरी अशासाठी, की बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो. शिकेकाईची सवय असेल तर मूठभर पूड घ्या. ती गळत तरी नाही.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते बाटलीच्या अरुंद तोंडातून बाहेरच येत नाही. म्हणून रुंद तोंडाच्या डबीत चार चमचे तेल घ्या आणि डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. सोबत मोठ्या दातांचा कंगवा आणि चष्म्याच्या जुन्या घरात आकडे-पिना. गजरा काय, नागपुरात ताजा मिळतोच.

बॅग हलकी राहिली, तर येताना संत्र्यांनाही जागा होईल!