गुन्हा नसलेली नोंद, नोंद नसलेला गुन्हा

२०१८ साली इंग्लंडात साउथ यॉर्कशायर पोलिसांनी आवाहन केले : गुन्हा नसला तरी अपमानकारक शेरेबाजी कळवा. लोक खवळले. चोर सोडून पोलीस आता तोंडे मोजणार काय?

सवाल रास्तच आहे. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवर बंदबद्दल लिहिणारी तरुणी तर अटकेत गेलीच, ते 'लाईक' करणारीही गेली! त्यात लावलेले ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले.

पण मुखेडला वकिली करताना आम्ही उलटेच पाहतो. चारचौघांत जातीवरून केलेला अपमान ही शेरेबाजी नव्हे, अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) व (एस) खाली तो दखलपात्र गुन्हा आहे. २०१८ च्या कलम १८अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचीही गरज नाही. तरी एका ठाण्यात आमच्या अशिलाच्या हाती 'एनसी'ची पावती ठेवली गेली.

बांधवांनो, ती पावती घेऊन घरी परतू नका. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहा, ऐकणाऱ्यांची नावे द्या, कारण चार भिंतींआड, साक्षीदाराविना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. जातीचा दाखला जोडा. तरीही नकार मिळाला, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.