घाट मांड्यांच्या जोरावर चढत नाहीत

तेलंगणातल्या आदिलाबादहून निघावं, गुडिहत्नूर, इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर करत केरमेरीचा घाट ओलांडावा आणि आसिफाबादला मुक्कामाला पोचावं, हा सायकलवरचा एक देखणा दिवस आहे. दुतर्फा सागाचं जंगल, मध्येमध्ये गोंडांच्या वस्त्या आणि कितीतरी गावांत कानावर पडणारी मराठी. पण घाटाचं नाव निघालं की पुष्कळजण बेतच सोडतात, आणि त्यामागची कारणं बहुतेक ऐकीव असतात.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे घाटाला पैलवानाचे पाय लागतात. हिशेब करून पाहा. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन २०० मीटर उंच न्यायला सुमारे १७६ किलोज्यूल काम होतं. अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचतो, हे धरूनही खर्च १७० किलोकॅलरीच्या आसपास येतो. दीड-दोन पोळ्यांत तो भागतो. दमवतो तो वेग. सहा टक्के चढावर तासाला ८ किलोमीटरने जाताना जेवढी ताकद लागते, तिच्या जवळजवळ दुप्पट १६ च्या वेगाला लागते.

आणि दमवतो तो गिअर. साध्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरहून जास्त पुढे जाते. ८ च्या वेगाला मिनिटात पंचवीसच फेरे पडतात आणि प्रत्येक फेरा गुडघ्यावर येतो. पुढे २८, मागे ३४ दाते लावले, की एका फेऱ्यात पावणेदोन मीटर जाता येतं. मग पाय मिनिटाला पंचाहत्तरच्या पुढे हलके फिरतात आणि गुडघे शाबूत राहतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो मान शर्यतीतला आहे, प्रवासाला निघालेल्याने त्याच्यामागे धावू नये. उतरून सायकल ढकलण्यातही कमीपणा नाही. याच मुलखात केसलापूरच्या नागोबा जत्रेआधी गोंडांच्या मेस्राम कुळातली मंडळी गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी चालत जातात.

घाटात धाप लागते ती हवा विरळ झाल्यामुळे, असंही ऐकू येतं. या टेकड्यांत ते खरं नाही. तिथली धाप वेगाची असते. लडाखमधल्या सुमारे ५,३६० मीटर उंचीच्या खारदुंगला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, तेव्हा गोष्ट वेगळी होते. म्हणून लडाखची तयारी केरमेरीत पुरी होत नाही. पाय तयार होतात, पण विरळ हवेची सवय उंचावर राहूनच लागते.

खरी काळजी उताराची करावी. चढताना कमावलेली सगळी ऊर्जा उतरताना ब्रेक आणि वारा यांनाच गिळावी लागते. ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते. फार तापली तर ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी घट्ट दाबा, मग सोडा. पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो, ही भीती मनातून काढा. ब्रेक लागताच वजन पुढे झुकतं, त्यामुळे सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचं चाकच करतं. नुसत्या मागच्या ब्रेकने चाक घसरतं. अंग मागे घेऊन दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हे वळणावर बैलगाडी दिसण्याआधीच ध्यानात असावं.

उन्हाचं म्हणाल, तर नुसतं पाणी पुरतं हा समज उन्हाळ्यात अंगाशी येतो. घामातून मीठही जातं. दिवसभर गरजेपेक्षा जास्त नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडिअम उतरू शकतं. डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस आणखी पाणी पितो. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस जवळ ठेवा. तेलंगणात थंडी कुठली, असं समजून पहाटे पातळ बनियनवर निघू नका. आदिलाबाद हा राज्यातल्या सर्वांत गार जिल्ह्यांपैकी एक आहे आणि हिवाळ्यात पारा १० अंशांखाली जातो.

या हिवाळ्यात जायचं ठरवलंत, तर आधी सायकलच्या दुकानात जा. मागची फ्रीव्हील जास्त दात्यांची बसवून घ्या आणि ब्रेकचे झिजलेले रबर बदला.