कारचा एसी गरम हवा फेकतोय? गॅस भरण्याआधी 'या' पाच गोष्टी तपासा

पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेला जाताना कारच्या काचा खाली असल्या तरी भागते. एप्रिल-मेमध्ये मात्र त्याच मुरबाड-म्हसा-कर्जत रस्त्यावर दुपारी एसीशिवाय बसवत नाही. नेमक्या अशाच वेळी एसीतून गरम हवा येऊ लागते. मागच्या सीटवर वयस्कर माणसे आणि लहान मुले असतील, तर हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर अनेकदा एकच उत्तर मिळते, 'गॅस संपलाय, भरून टाकू.' पैसे दिले जातात, काही दिवस गारवा मिळतो आणि मग पुन्हा गरम हवा सुरू होते. असे का होते?

गॅस 'संपतो' का?

पेट्रोल जळून संपते, एसीचा गॅस तसा संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बोनेटच्या पुढच्या जाळीमागे असलेल्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर टाकली जाते. पुढे डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो. म्हणजे एसी थंडी तयार करत नाही, तर आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो.

बऱ्याच वर्षांत नळ्या आणि सीलमधून थोडा गॅस झिरपणे स्वाभाविक आहे. पण काही आठवड्यांत किंवा एकाच उन्हाळ्यात गारवा गेला, तर कुठेतरी गळती आहे असे समजा. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता टायरमध्ये हवा भरणे.

घरच्या घरी काय तपासाल?

१. सेटिंग : तापमानाचा नॉब पूर्ण थंडवर आहे का, बाहेरची हवा आत घेण्याचे बटण चुकून सुरू राहिले आहे का, हे पाहा. उन्हात उभी असलेली कार आतून भट्टीसारखी तापते. आधी काचा उघडून दोन-तीन मिनिटे गाडी चालवा, मग काचा बंद करून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबा.

२. हवेचा जोर : हवा थंड आहे पण जोर कमी आहे, तर केबिन फिल्टर तुंबलेला असू शकतो. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्समागे असतो. गावाकडच्या धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. गाडी पेंढ्याजवळ उभी राहत असेल, तर उंदरांनी फिल्टर किंवा वायर कुरतडली आहे का, तेही पाहा.

३. कंडेन्सर : पुढच्या जाळीतून आत बघा. चिखल, कचरा, मेलेले किडे अडकले असतील, तर उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. इंजिन बंद आणि गार असताना साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. जोरदार प्रेशरच्या पाण्याने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

४. पंखा : गाडी धावताना हवा थंड आणि मुरबाडच्या बाजारात अडकल्यावर गरम, असे होत असेल तर पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्या. एसी सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत तो लगेच किंवा थोड्या वेळाने फिरू लागतो. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर तपासून घ्या. पंखा अचानक सुरू होतो, त्यामुळे हात, ओढणी, उपरणे लांब ठेवा.

५. कॉम्प्रेसर : एसीचे बटण दाबल्यावर अनेक गाड्यांत 'टक्' असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसरच्या पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो. तसे झाले नाही, तर फ्यूज उडाला असेल, वायरिंगमध्ये दोष असेल किंवा गॅस इतका कमी असेल की यंत्रणेनेच कॉम्प्रेसर बंद ठेवला असेल. काही नव्या गाड्यांत असा आवाज येतच नाही. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक कार असेल, तर नारिंगी रंगाच्या जाड वायरींना अजिबात हात लावू नका.

माळशेज घाट चढताना एसी अचानक गरम झाला, तर आधी इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहा. इंजिन जास्त तापले की अनेक गाड्या स्वतःच एसी बंद करतात. अशा वेळी सुरक्षित जागी थांबा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

• गळती कुठे आहे? गॅससोबत तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी अनेकदा तेलकट डाग दिसतो. डाग नसेल तर नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायला सांगा.

• व्हॅक्यूम किती वेळ करणार? नळ्यांमधली हवा आणि ओलावा काढण्यासाठी साधारण अर्धा तास व्हॅक्यूम करतात. पंप बंद केल्यावर काटा जागेवर टिकला पाहिजे.

• गॅस वजनाने भरणार ना? बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेले असते. अनेक लहान गाड्यांत ते ३५० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असते. कमी भरला तर गारवा येत नाही, जास्त भरला तरी गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. तेल कमी राहिले तर कॉम्प्रेसर जाम होतो आणि तो बदलण्याचा खर्च गळती काढण्याच्या कितीतरी पट असतो.

हे करू नका

स्टिकरवरचा गॅस सोडून दुसरा स्वस्त गॅस भरू देऊ नका. एलपीजीसारखा गॅस पेट घेतो. नळीचा जोड स्वतः सैल करू नका. बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, तो अंगावर उडाला तर त्वचा आणि डोळ्यांना इजा होते. हाच वायू मोकळा सोडला, तर १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. अशा वायूंचा वापर घटवण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे जुना गॅस हवेत न सोडता मशीनने काढून घ्यायला सांगा.

यात्रेच्या दिवसांतच घ्या काळजी

थंडीत महिनोन् महिने एसी बंद राहिला की तेल फिरत नाही, सील कोरडे पडतात आणि गळतीला वाट मिळते. म्हणून हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवा. याला वेगळा खर्च नाही. एसी दुरुस्त होईपर्यंत दुपारचा प्रवास टाळा, पाणी सोबत ठेवा आणि एसी चांगला असला तरी बंद गाडीत मुलांना एक मिनिटही एकटे सोडू नका.